दंडावरची चकती आणि साखरेचा चोवीस तासांचा हिशेब

मधुमेहाचे बहुतेक रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रक्त तपासून घेतात. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा. लॅबोरेटरीच्या कागदावरचे ते दोन आकडे घेऊन ते दवाखान्यात येतात आणि त्यावरून गोळ्या कमी-जास्त केल्या जातात. ही पद्धत चुकीची नाही, वर्षानुवर्षे उपचार त्याच आधारावर चालत आले आहेत. परंतु महिन्याचे तास होतात ७२०. त्यातल्या दोन क्षणांची साखर आपल्याला कळते. उरलेल्या वेळी, विशेषतः रात्री आपण झोपेत असताना, साखर किती होती हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

हल्ली काही रुग्णांच्या दंडाच्या मागच्या बाजूला एक छोटी गोल चकती चिकटवलेली दिसते. रक्तातील साखरेचा अंदाज दिवसरात्र घेत राहणारे हे साधन आहे. त्याला कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर, थोडक्यात सीजीएम असे म्हणतात. त्वचेला चिकटून सतत मोजमाप करणारी इतरही साधने आता वापरात आहेत. हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारी छातीवरची पट्टी हे त्यांपैकीच एक. पण दवाखान्यात सर्वांत जास्त विचारणा होते ती साखरेच्या चकतीची. 'डॉक्टर, मुलाने शहरातून पाठवली आहे, लावू का?' असे वडीलधारी मंडळी विचारतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. म्हणजे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा आहे. म्हणून ही चकती काय सांगते, काय सांगत नाही आणि ती कोणी लावावी, याचा विचार आज करू.

सरासरीत काय लपते?

तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. ती उपयुक्त आहेच, पण ती सरासरी आहे. समजा, एका रुग्णाची साखर दिवसभर १२० ते १८० च्या दरम्यान राहते. दुसऱ्याची जेवणानंतर २८० वर चढते आणि पहाटे ५५ वर उतरते. दोघांचाही एचबीए१सी ७ च्या आसपास येऊ शकतो. कागदावर दोघे सारखेच दिसतात, प्रत्यक्षात दुसऱ्याचा जीव रोज पहाटे धोक्यात असतो.

शिवाय ही तपासणी तांबड्या रक्तपेशींवर अवलंबून असते. शरीरात लोह कमी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. सिकल सेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे तो कमी येऊ शकतो. विदर्भात व नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकल सेल पुष्कळ आढळतो आणि रक्तक्षय तर आपल्याकडे घरोघरी आहे. अशा रुग्णांच्या बाबतीत केवळ एचबीए१सीवर विसंबून चालत नाही.

चकती काम कशी करते?

ही चकती दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असते. तिच्या खालच्या बाजूस एक बारीक, लवचीक तंतू असतो. चकती बसवताना एक सुई त्वचेत जाते व लगेच बाहेर येते. तंतू मात्र सुमारे अर्धा सेंटिमीटर आत राहतो. दुखणे मुंगी चावल्याइतपत असते. बनावटीनुसार एक चकती साधारण १० ते १५ दिवस चालते, मग ती काढून टाकावी लागते.

तंतूच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा लेप असतो. हा विकर ग्लुकोजशी संयोग पावला की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त, ग्लुकोज कमी तर प्रवाह कमी. चकतीतील यंत्रणा हा प्रवाह मोजून त्याचा आकडा करते आणि मोबाइलकडे पाठवते. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली तरी दिवसाला २८८ नोंदी होतात. बोट टोचून एवढ्या तपासण्या करणे कोणालाही शक्य नाही.

कल्पना मात्र नवी नाही. विकर आणि विजेचा मेळ घालून ग्लुकोज मोजता येईल, हे अमेरिकेतील लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडले. आजच्या ग्लुकोमीटरचे मूळही त्यातच आहे. अंगावर वागवण्याचे पहिले सीजीएम अमेरिकेत १९९९ साली मान्य झाले. ते तीन दिवस लावायचे असे आणि त्याचे आकडे रुग्णाला दिसत नसत, नंतर डॉक्टर ते संगणकावर पाहत. २००१ साली मनगटी घड्याळासारखे एक साधनही मान्य झाले. सौम्य वीजप्रवाहाने ते त्वचेतून द्रव ओढून घेई. पण त्वचा लाल होई, आग होई आणि घाम आला की मोजणी चुके. ते फार काळ टिकले नाही. पुढे २०१४ साली युरोपात १४ दिवस चालणारी, रोज बोट टोचून जुळवून घ्यावी न लागणारी चकती आली आणि तेव्हापासून हे साधन सामान्य रुग्णापर्यंत पोचू लागले.

चकती रक्त मोजत नाही

ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. चकतीचा तंतू रक्तवाहिनीत नसतो. तो त्वचेखाली, पेशींच्या भोवती असलेल्या द्रवात असतो. रक्तातील साखर आधी बदलते आणि या द्रवातील साखर तिच्या मागोमाग बदलते. विहिरीवरची मोटर चालू केली तरी पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोचायला वेळ लागतो, तसेच हे आहे. हा फरक साधारण ५ ते १५ मिनिटांचा असतो. साखर स्थिर असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण साखर झपाट्याने घसरत असेल तर चकतीवर ८५ दिसत असताना रक्तात ६५ असू शकते.

याशिवाय चांगल्या चकतीच्या आकड्यातही सरासरी आठ ते दहा टक्के फरक पडतो आणि बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवशी तो अधिक असू शकतो. त्या कुशीवर झोपल्याने दंड दाबला गेला तर साखर कमी नसतानाही कमी दिसते. काही बनावटीच्या चकत्यांवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेचा परिणाम होतो. रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास आकडा खोटाच वर जाऊ शकतो. सर्दी झाली की आपल्या मनाने या गोळ्या चघळणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून नियम सोपा आहे. आकडा आणि अंगाची लक्षणे जुळत नसतील तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासावे. चकती घेतली म्हणून घरातला ग्लुकोमीटर कोणाला देऊन टाकू नये.

आकड्याबरोबर बाण पाहावा

चकतीच्या आकड्याशेजारी एक बाण दिसतो. बाण आडवा असेल तर साखर स्थिर, वर असेल तर चढती, खाली असेल तर उतरती. ग्लुकोमीटर हे सांगू शकत नाही आणि या साधनाचा खरा फायदा इथेच आहे. साखर ९५ आणि बाण आडवा, असे असेल तर निर्धास्त झोपावे. साखर ९५ आणि बाण खाली, असे असेल आणि रुग्ण इन्सुलिन घेत असेल तर काही खाल्ल्यावाचून झोपू नये, मोटरसायकललाही किक मारू नये. आकडा तोच, पण निर्णय वेगळा.

रात्रीची घसरण

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. साखर वाढण्याची भीती सगळ्यांना असते, ती कमी होण्याची भीती फार थोड्यांना असते. वस्तुतः वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू नुकसान करते, तर अति कमी झालेली साखर एका रात्रीत जीव घेऊ शकते.

समजा, घरातले आजोबा ७२ वर्षांचे आहेत. ग्लिमेपिराइडची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पूर्वी दोन भाकरी खात, आता दात नाहीत, भूक मंदावली आहे, संध्याकाळी सातला अर्धी भाकरी आणि वाटीभर भाजी एवढेच जेवण. वयोमानाने मूत्रपिंडाचे कामही मंदावले आहे, त्यामुळे गोळीचा अंमल लांबतो. गोळी मात्र दहा वर्षांपूर्वीचीच आहे. रात्री तीनच्या सुमारास घामाने बंडी भिजते, ते असंबद्ध बोलतात. घरचे म्हणतात, स्वप्न पडले असेल, वय झाले आता. इकडे शरीर यकृतातील साठा बाहेर काढून साखर सावरते आणि सकाळच्या तपासणीत १३० येते. सगळे खूश होतात, 'साखर अगदी कंट्रोलमध्ये!'

अशा रुग्णाच्या दंडावर दोन आठवडे चकती लावली तर मध्यरात्रीनंतर खोल गेलेली रेघ आलेखावर रोज दिसते. मग गोळी कमी करणे किंवा बदलणे हा निर्णय डॉक्टर विश्वासाने घेऊ शकतात. इथे चकतीने साखर मोजली एवढेच नाही, एक अपघात टाळला.

साखर ७० च्या खाली जाणे ही सूचना, ५४ च्या खाली जाणे हा धोका. थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे. मधुमेह जुना असेल तर ही लक्षणे जाणवेनाशी होतात आणि रुग्ण एकदम गोंधळल्यासारखा होतो किंवा बेशुद्ध पडतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड व थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. कधी एका बाजूची शक्ती गेल्यासारखीही वाटते आणि लकवा समजून धावपळ होते. कधी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो व मोलाचा वेळ जातो.

अशा वेळी काय करावे? रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर ग्लुकोज पावडर किंवा साखर, तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. पेढा, चॉकलेट देऊ नये, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. सावरल्यावर पोळी किंवा भात असे काही खायला द्यावे. हे तपासणे शक्य तो बोट टोचून करावे, कारण चकतीचा आकडा मागे राहतो आणि घाबरून साखरेवर साखर दिली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच द्यावी, म्हणून ती घरात ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरही काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. त्यामुळे 'आता बरे वाटते' म्हणून सलाईन काढून घरी नेण्याची घाई करू नये.

ताटातले धडे

चकतीचा दुसरा उपयोग म्हणजे आपल्या ताटाची परीक्षा. 'मी गोड खात नाही' असे सांगणाऱ्या गृहस्थांना उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनंतर आलेख कसा उभा चढतो, हे स्वतः पाहायला मिळते. सकाळी चहाबरोबर खारी आणि बटर, मग पोहे, मग पुन्हा चहा, हा आपला नित्यक्रम साखर खाली येऊच देत नाही, हेही दिसते. उलट तीच भाकरी उसळ, कोशिंबीर व ताक यांच्याबरोबर खाल्ली तर चढ सौम्य असतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालून आले तर रेघ खाली वळते. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेले जे पटत नाही, ते आपल्याच दंडावरून आलेल्या रेघेने पटते.

त्यासाठी एक काम मात्र करावे लागते. साध्या वहीत वेळ घालून लिहावे : काय खाल्ले, गोळी वा इन्सुलिन केव्हा घेतले, चालणे किती झाले, झोप कशी लागली. वही नसेल तर आलेख पाहून साखर चढली एवढे कळते, का चढली ते कळत नाही.

अहवाल कसा वाचावा?

चौदा दिवसांनंतर अहवाल मिळतो. त्यात साखर ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ होती, हे पाहावे. २०१९ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापदंडांनुसार बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी हा वेळ ७० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसातून सुमारे १७ तास असावा. ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत असावा आणि ५४ च्या खालचा १ टक्क्याहून कमी.

वृद्ध व इतर व्याधी असलेल्यांसाठी माप वेगळे आहे. त्यांना पट्ट्यात निम्मा वेळ असला तरी चालते, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याहून, म्हणजे दिवसातून पंधरा मिनिटांहून कमी असला पाहिजे. तरुण मुलाची साखर आणि आजोबांची साखर एकाच काट्याने तोलू नये.

कोणी लावावी, कोणी नाही?

लहानपणापासूनच इन्सुलिनवर असलेली मुले, दिवसातून अनेक वेळा इन्सुलिन टोचून घेणारे रुग्ण, वारंवार साखर उतरणारे किंवा उतरल्याचे न जाणवणारे रुग्ण यांना याचा सर्वांत जास्त लाभ आहे. मुलाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या आईला, साखर उतरताच मोबाइलवर वाजणारी सूचना हा मोठा आधार असतो. मात्र काही बनावटींत सूचना आपोआप वाजत नाही, मोबाइल चकतीजवळ नेल्यावरच आकडा दिसतो. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. मोबाइल चार्ज असला पाहिजे व खोलीतच असला पाहिजे, हे सांगायला नकोच. मधुमेह असताना गर्भार राहिलेल्या भगिनींनाही तज्ज्ञांच्या सल्ल्याने उपयोग होतो.

केवळ गोळ्यांवर असलेल्यांनी बाराही महिने लावण्याची सहसा गरज नाही. १४ दिवसांची चकती सलग वापरायची तर वर्षाला २६ लागतात आणि एकेकीला काही हजार रुपये पडतात. औषधाचे पैसे तोडून चकती घेणे म्हणजे घराचे छप्पर विकून दिवा आणणे होय. त्यापेक्षा उपचार बदलताना किंवा आकड्यांचा मेळ बसत नसताना एकदा दोन आठवडे लावावी, शिकण्यासारखे शिकावे आणि काढून ठेवावी. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा फार उतरत नाही, त्यांचे अधूनमधून बोट टोचून भागते.

मधुमेह नसलेल्यांनी हौसेखातर लावून प्रत्येक घासागणिक काळजी करू नये. जेवणानंतर साखर थोडी चढणे ही निरोगी शरीराची रीत आहे. मधुमेह आहे की नाही, हेही चकतीवरून ठरवायचे नसते. त्याला रक्ताचीच तपासणी हवी.

फसव्या घड्याळांपासून सावध

'सुई नको, टोचणे नको, मनगटी घड्याळ साखर सांगते' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. वर सांगितलेल्या चकतीचा तंतू त्वचेखाली जातो, म्हणून ती मोजू शकते. त्वचा न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चकतीचा आकडा घड्याळावर दिसणे वेगळे आणि घड्याळाने स्वतः मोजणे वेगळे. दीड-दोन हजारांच्या घड्याळाचा आकडा पाहून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर तो जिवाशी खेळ ठरेल.

लावताना एवढे पाळा

१. दंडाची मागची बाजू साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर लावू नये.
२. ज्या कुशीवर झोपता तो हात टाळावा.
३. आंघोळ चालते, पण दंड टॉवेलने घासू नये. ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या बाहीत चकती अडकून निघते, बाही सैल ठेवावी.
४. खाज, लाली, पू झाल्यास चकती काढून दाखवावे. पुढची चकती दुसऱ्या जागी लावावी.
५. एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे काढण्यापूर्वी चकती असल्याचे सांगावे. बऱ्याच वेळा ती काढावी लागते.
६. आलेख पाहून आपल्या मनाने गोळ्या किंवा इन्सुलिन बदलू नये. जादा इन्सुलिनवर लगेच जादा इन्सुलिन घेतले की दोन-तीन तासांनी साखर कोसळते.

ज्यांच्या घरी साठीच्या पुढचे कोणी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, त्यांनी या आठवड्यात दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. रात्री घाम येतो का? आणि पूर्वीपेक्षा जेवण कमी झाले आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर चकती मिळेपर्यंत थांबू नये. रात्री तीन वाजता उठून एकदा बोट टोचून पाहावे, आकडा वहीत लिहावा आणि ती वही व सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे.